वांगी रंगाची लँडमास्टर

अपघात झालेल्या गाड्या बघणं हा माझा धंदा आहे. विमा कंपन्यांसाठी मी मोटारींच्या नुकसानीची पाहणी करतो. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे माझ्याकडे. उसाची ट्रॉली उलटली, पिकअप ओढ्यात गेली, नवी कोरी गाडी मालकाच्या म्हणण्याप्रमाणे 'आपोआप' झाडावर चढली, की मला फोन येतो. मी जातो, वाकलेला पत्रा बघतो, रस्त्यावरच्या खुणा बघतो आणि मग माणसाचं ऐकतो. हा क्रम मी कधी बदलत नाही. पत्रा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नाही. अशा धंद्यात वीस-एक वर्षं काढली की संशय घेणं श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. घरी आल्यावर तो चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावा म्हटलं तरी जमत नाही.

लँडमास्टर, म्हणजे अँबॅसडरच्या आधीची ती जुनी मोटार, मला अशाच एका पाहणीत सापडली. विट्याजवळच्या वाडीत एक टेंपो बघायला गेलो होतो. टेंपोचे मालक लालासाहेब. त्यांच्या वडिलांचं तिकडं सेलमला सोनं गाळायचं दुकान होतं. विट्याच्या आसपास घराघरांतून माणसं या गलाईच्या धंद्यासाठी मुलखाबाहेर गेलेली आहेत, तसेच तेही गेलेले. म्हातारपणी परत येताना त्यांनी ही मोटार आणली, थोडी मिरवली आणि मग ती गोठ्याच्या टोकाला कडब्याखाली गेली. मी बघितली तेव्हा वैरणीतून फक्त एक गोल दिवा बाहेर डोकावत होता. लालासाहेब म्हणाले, न्या खुशाल, तेवढीच म्हशीला जागा होईल.

ती मी ट्रेलरवर घालून कोरेगावला आणली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. क्रांतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एक फेरी मारून बघितली आणि विचारलं की रोज मोडक्या गाड्या बघून मन भरत नाही का. ती गावात रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. मी म्हटलं, तू घरी येऊन रक्त बघत नाहीस हे खरं, पण मला एकदा तरी मोडलेली गाडी उभी करून बघायचीय.

आणि नुसती उभी करायची नव्हती. तिकडं अमेरिकेत हौशी लोक घरच्या घरी जुन्या गाडीचं रूप पालटतात. टप कापून खाली आणायचा, बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, मागची चाकं रुंद बसवायची. हॉट रॉड म्हणतात त्याला. आपल्याकडं अशी गाडी रस्त्यावर आणायला परवानगी मिळत नाही हे मला माहीत होतं. मला ती शेताच्या रस्त्यानं फिरवायची होती, बस.

नागसेन या कामात माझा भागीदार. आम्ही कऱ्हाडला डिप्लोमाला एका खोलीत राहिलो. आता त्याचं साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. रविवारी तो सकाळीच यायचा. क्रांती त्याच्यासाठी पोहे करायची, आणि मग आम्ही दोघं शेडमध्ये. संक्रांतीपर्यंत आम्ही गाडी पार उघडी केली. चाकं काढली, जुनं इंजिन काढलं, दारं भिंतीला टेकवून ठेवली. सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर बसलेला. एका भंगारातल्या जीपचं इंजिन आणलं होतं, ते ताडपत्रीखाली कोपऱ्यात. गंजाचा वास शेडमधून घरात यायला लागला होता, आणि क्रांती त्याबद्दल रोज काहीतरी बोलायची.

त्या आठवड्यात पलूसच्या नानासोचा फोन आला. त्याचं टायरचं दुकान आहे, कामानिमित्त आमची जुनी ओळख. त्यानं आधी एका पंक्चरच्या दाव्याबद्दल विचारलं आणि मग म्हणाला, काल कुंडलच्या फाट्यावर तुमची गाडी बघितली, लय झाक झालीय.

मी हसलो. म्हटलं, दुसऱ्या कुणाची असंल. माझी अजून ठोकळ्यावर आहे.

तो म्हणाला, "आवं, तुमीच चालवत हुता की. वांगी रंग लय उठून दिसतोय बघा."

 गाडीला कुठला रंग द्यायचा हे मी मनाशी ठरवलं होतं. कृष्णाकाठच्या वांग्याचा, उन्हात काळा आणि सावलीत जांभळा दिसणारा. पण हे मी अजून कुणालाच बोललो नव्हतो. क्रांतीला नाही, नागसेनलाही नाही.

रविवारी मी नागसेनला सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, की तू कुणाला आपल्या गाडीबद्दल काही सांगितलंस का. तो पान्यानं नट सोडवत होता. म्हणाला, सगळ्या साताऱ्याला सांगितलंय, का? मी म्हटलं, रंगाबद्दल? तो म्हणाला, रंगाचं काय ठरलंय आपलं? त्याचा चेहरा मी नीट बघितला. दावा खोटा आहे हे ज्याला लपवायचं असतं, तो प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. नागसेननं तसं केलं नाही. पण त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

मी शेडला नवीन कुलूप लावलं.

त्यानंतर सांगणारा अर्जुना. विट्याला त्याची अपघातातल्या गाड्या ओढायची क्रेन आहे, आणि गाडी या विषयात त्याची नजर चुकत नाही. तासगावजवळ एका ट्रकपाशी आम्ही भेटलो. त्यानं जरा फुगूनच विचारलं की मोठी गाडी आली म्हणून ओळख विसरलात का, हात केला तर बघितलंसुद्धा नाही. मी त्याला बाजूला घेतलं आणि जबाब घेतात तसं एकेक विचारलं. टप कसा होता? खाली आणलेला, पुढच्या काचेची नुसती पट्टीच राहिलेली. इंजिन? उघडं. मागची चाकं? पुढच्यापेक्षा रुंद. कोणत्या दिवशी? त्यानं सांगितलेल्या दिवशी मी सांगलीला न्यायालयात साक्षीला उभा होतो.

टप आम्ही अजून कापलाच नव्हता. शेडच्या भिंतीवर मी खडूनं त्याची रेष मारून ठेवली होती, इतकंच.

तेव्हा माझी खात्री पटली की दुसरी गाडी आहे. माझ्या रेषेवरून, माझ्या कल्पनेवरून कुणीतरी तशीच्या तशी गाडी बनवतंय. असं करू शकेल असा माणूस मला एकच माहीत होता. साधनं त्याच्याकडं, जागा त्याच्याकडं, आणि भिंतीवरची रेष बघितलेला माझ्याखेरीज तो एकटाच.

मी न सांगता साताऱ्याला गेलो. नागसेनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा धूर भरला होता. दोन अर्धवट ट्रॉल्या, चॅनेलचे ढीग, मागं रंगाची खोली. मी सगळं फिरून बघितलं. तो बघत असताना मी असा फिरतोय याचं त्याला नवल वाटलं असणार. रंगाच्या खोलीत खालच्या फळीवर एक नवा डबा होता. झाकणावर रंगाचा नमुना फासलेला. वांगी.

मी तो उचलून त्याच्यासमोर धरला.

"तुझ्याचसाठी आणलाय," नागसेन म्हणाला. "तूच सांगून गेलास की."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. दारात उभ्याउभ्या सांगितलंस. चहासुद्धा घेतला नाहीस."

मी मागचा आठवडाभर साताऱ्याकडं फिरकलो नव्हतो. तो थट्टा करत असावा म्हणून मी वाट बघितली. तो हसला नाही. उलट तोच माझ्याकडं, मी काही विसरलोय की काय, अशा काळजीनं बघायला लागला.

"कशातनं आलो होतो मी?" मी विचारलं.

त्यानं हातातला चष्मा पुसला. "ते बघितलं नाही. आवाज ऐकला नुसता. जीपच्या इंजिनाचा होता."

घरी येऊन मी ताडपत्री उचलून बघितली. जीपचं इंजिन जागेवर होतं. त्यात ऑइल नव्हतं, त्याला बॅटरी नव्हती. मी हात ठेवला. गार होतं. पत्रा मला तेच सांगत होता जे मला माहीत होतं. पण नागसेन खोटं बोलतोय हे मनातून जाईना, आणि तो कशासाठी बोलतोय हे सापडेना. त्या रविवारी मी त्याला येऊ नको म्हणून कळवलं. कारण दिलं नाही.

मग मी स्वतः त्या रस्त्यावर गेलो. कुंडल हे आमचं मूळ गाव, तिथला रस्ता न् रस्ता मला पाठ आहे. शिवरात्र होऊन गेली होती, ऊसतोड संपत आलेली, रस्ताभर पाचटाचे तुकडे. कुंडल आणि पलूसच्या मधे एक मेंढपाळ कळप घेऊन बसला होता. बिराप्पा नाव. जतकडचा, बोलण्यात मधूनच कानडी शब्द. मी त्याला पाणी दिलं, गाडीबद्दल विचारलं. त्याला लगेच आठवलं, कारण मेंढरं आडवी आल्यामुळं गाडीला थांबावं लागलं होतं आणि तो तिच्या अगदी खिडकीशी उभा होता.

गाडीत मी होतो का, असं विचारलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली. दुसरा माणूस चालवत होता, म्हणाला. मागं एक बाई होती.

मी मोबाईलवर आमचा तिघांचा फोटो काढून त्याच्यापुढं धरला. गाडी आणली त्या दिवशी ट्रेलरसमोर काढलेला. त्यानं आधी नागसेनवर बोट ठेवलं. मग क्रांतीवर.

 म्हणजे हे असं आहे तर, असं मी मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. या गोष्टीला कारण होतं. अशी कारणं मी आयुष्यभर बघत आलोय.

"हसत होती का?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

 बिराप्पानं हातातल्या काठीनं जमीन उकरली.

"हसंल कशी, साहेब," तो म्हणाला. "मांडीवर मडकं हुतं तिच्या. फडक्यानं तोंड बांधल्यालं. राख सावडून आणत्यात तसलं."

मी कोरेगावला परत कसा आलो ते मला आठवत नाही. त्यानं सांगितलेला वार मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो आणि क्रांतीच्या हाताखालच्या मुलीला गोड बोलून मंगळवारची चौकशी केली. बाई दिवसभर इथंच होत्या, ती म्हणाली, शाळेचं रक्तगट तपासणीचं शिबिर होतं, जेवायलाही उठल्या नाहीत. क्रांती आतल्या खोलीतून ऐकत होती. ती हातमोजे काढत बाहेर आली आणि मला रस्त्यावर घेऊन गेली.

"तुम्ही आता माझा सर्व्हे करताय?" ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. तिथंच, रसवंतीच्या गुऱ्हाळापुढं उभं राहून. नानासो, अर्जुना, रंगाचा डबा, मेंढपाळ. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मडक्याचं आलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि मला वाटलं धीर देतेय, पण ती माझी नाडी बघत होती.

तिनं मला तपासून घ्यायला लावलं. साखर, हृदय, मेंदूचा फोटो. सगळं व्यवस्थित निघालं. ती निकाल घेऊन बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच अशी शंका बघितली, जी तिला माझ्याबद्दल होती की निकालांबद्दल, हे मला कळलं नाही. मग ती म्हणाली, गाडी मोडा. मी म्हटलं, मोडलेलीच आहे ती. ती म्हणाली, नाही, संपवा. गाडीच नसली तर दिसेल कशी?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी नागसेनला बोलावलं. त्याला इतक्या दिवसांनी काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं, पण त्यानं काही विचारलं नाही. त्यानं गॅस कटर आणला होता. ऐन दुपारी, शेडचं दार सताड उघडं ठेवून, आम्ही लँडमास्टरचे तुकडे केले. टप खाली आला तेव्हा त्यानं कटर बंद केला आणि काही वेळ पाठ करून उभा राहिला. भंगारवाल्यानं सगळं टेंपोत भरून नेलं, जीपचं इंजिनही. रंगाचा डबा नागसेननं तोंड फोडून उकिरड्यावर ओतला. निघताना तो म्हणाला, "गड्या, आता तरी माझ्यावर विश्वास ठेव." मी त्याला मिठी मारली. त्याच्या सदऱ्याला जळक्या पत्र्याचा वास येत होता.

त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. कुणी गाडी बघितली नाही. मी नानासोला मुद्दाम भेटलो, अर्जुनाला भेटलो. दोघांनीही विषय काढला नाही. नागसेन पुन्हा रविवारी यायला लागला. आम्ही रिकाम्या शेडमध्ये खुर्च्या टाकून बसायचो. क्रांतीनं तिथं वाळवणं घातली होती. संशय गेला की माणसाला किती हलकं वाटतं, हे मला त्या महिन्यात कळलं.

वैशाखात एका जळालेल्या ट्रॅक्टरसाठी मला कुंडलला जावं लागलं. काम संपल्यावर मी आत्याकडं वळलो. बनुबाई ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय झालंय, पण डोकं स्वच्छ. बाजारात पावशेर मिरची कमी दिली तर तिथल्या तिथं सांगते. मी गेलो की दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची, मी इतका मोठा झाल्यावरसुद्धा.

त्या दिवशी ती अंगणात कडुलिंबाखाली बसली होती. उठली नाही. तिची नातसून सृष्टी लगबगीनं बाहेर आली, क्रांतीची चौकशी केली, चहा ठेवते म्हणून आत गेली. मी आत्याच्या पायांकडं वाकलो, तर तिनं पाय पातळाखाली ओढून घेतले.

"कशाला आलास रं?" ती हळू म्हणाली. "समाधान झालं न्हाई व्हय तुजं?"

मला वाटलं, मधे बरेच दिवस आलो नाही म्हणून रागावलीय. तसं म्हणालो. तिनं ऐकलं नाही. ती माझ्या पायांकडं बघत होती.

सृष्टी चहा घेऊन आली. आत्यानं तिला कप जमिनीवर ठेवायला लावला, माझ्यापासून हातभर लांब. सृष्टी अवघडली. आत्या अशा का वागतायत तेच कळत नाही, असं तिनं मला बाजूला येऊन सांगितलं. शिमग्यानंतर एक दिवस त्या एकट्याच औदुंबरला, नदीवर गेल्या. कुणीतरी गाडीनं वेशीपर्यंत सोडलं. आल्या त्या ओल्या केसांनी. विचारलं तर तोंड उघडलं नाही, आणि तेव्हापासून गोड खात नाहीत.

सृष्टी आत गेल्यावर मी आत्यासमोर बसलो.

कुठली गाडी, असं विचारलं.

"वांगी," ती म्हणाली. "बसताना मान लय वाकवावी लागली."

कोण होतं गाडीत?

"क्रांती. तुजा दोस्त." ती म्हणाली. "तिला हे दहाव्याचं पटत न्हवतं. म्हणली, आत्या, तुमच्यासाठी करते."

शिमग्यानंतर. तेव्हा गाडीचा सांगाडा माझ्या शेडमध्ये ठोकळ्यांवर होता. क्रांती रोज संध्याकाळी घरी होती.

कुणाला का सांगितलं नाहीस, मी विचारलं. 

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

कडुलिंबाची पानं पडत होती. तिनं एक पान उचललं, चुरगाळलं.

"कावळा शिवंना बघ," ती म्हणाली. "दुपार टळली. सगळं बोलून झालं. क्रांतीची काळजी घिऊ, म्हणलं. घर सांभाळू, म्हणलं. नुसता बसून बघायचा. मग तुजा दोस्त पुढं झाला. म्हणला, गाडी मोडणार न्हाई, जीवापाड संबाळीन. तवा शिवला."



मग मी तिला सांगितलं. "आत्या, ती गाडी मोडली. पाडवा झाल्यावर."

तिनं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. मग उठली. भिंतीला धरत आत गेली आणि बुट्टीतली अर्धी भाकरी घेऊन आली. एक तुकडा मोडून तिनं अंगणाच्या मधोमध टाकला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, मला न शिवता.

गडग्यावरचा कावळा खाली उतरला. तुरुतुरु चालत तुकड्यापर्यंत आला. मान वाकडी करून त्यानं भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि तिथंच बसून राहिला.

आत्या आणि मी वाट बघत राहिलो.